म्हातारीच्या माथ्यावरचा दगड

मॉर्वेनने मला निवडलं ते माझे पाय बघून नव्हे. पाय तिला दिसतच नव्हते, तिची दृष्टी जाऊन तेव्हा दुसरं वर्ष चाललं होतं. आणि दिसले असते तरी कुणी शहाण्या माणसाने ते निवडले नसते.

"एफी, तुझं तोंड घटकाभर बंद नसतं," ती म्हणाली. "दोघांच्या सायकलवर पुढे बसणारीला तेच लागतं. खड्डा आला, वळण आलं, गियर बदलला, सगळं मागचीला सांगायचं. बाकीचे सगळे मेले घुमे आहेत."

"अगं, पण मी चहावाली!"

"मग? चहा करतानाही बोलतेसच की."

झालं, बसले मी पुढे.

आमच्या क्लबची रीत अशी. दर मे महिन्यात लॉख ऑर्ना या तळ्याला सायकलवरून फेरी मारायची. रस्ता आधी मेंढ्यांच्या कुरणांतून आणि बार्लीच्या शेतांतून खालीवर होत जातो, मग बराच वेळ पाण्याच्या कडेकडेने, आणि शेवटी पुलापासून वर चढतो. त्या चढाला गावात म्हातारी म्हणतात. पुलाखाली उतरून काठावरचा एक गोटा उचलायचा, सदऱ्याच्या मागच्या खिशात टाकायचा आणि पाय जमिनीला न लावता वर जायचं. माथ्यावर दगडांची रास आहे, तिच्यावर आपला गोटा ठेवला की वर्षभर तुम्ही स्वार. वाटेत पाय टेकला तर गोटा तिथेच फेकायचा आणि वर्षभर चहाच्या गाडीत बसायचं. मी त्या गाडीतच मुरले होते. चढायचा प्रयत्न कधीच सोडून दिला होता, आणि कुणी विचारलं तर सांगायची, वर काय ठेवलंय, वारा आणि मेंढ्यांच्या लेंड्या. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, दुसरं काय.

मॉर्वेन मात्र विशीपासून दर वर्षी चढायची, तीही गाणी म्हणत. डोळे गेल्यावर आमचा कप्तान स्ट्रुअन तिला गोड आवाजात म्हणाला, "मॉर्वेन, तू आता आमची मानाची सभासद. एफीशेजारी आरामात बस." ती बसली. दिवसभर स्कोनच्या पावांना लोणी लावत राहिली. घरी सोडलं तेव्हा माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "पुढच्या मे महिन्यातही मी या गाडीत असले ना, तर मग यातून कधीच उतरणार नाही. मला ठाऊक आहे. माणूस असाच संपतो."

म्हणून आम्ही तो सगळा हिवाळा गारठ्यात सायकल हाणली. दोघींचे पायटे, म्हणजे पेडल, एकाच साखळीला बांधलेले, एकीने कुचराई केली की दुसरीला लगेच कळतं. पहिल्याच दिवशी मी आम्हा दोघींना कुंपणाच्या झुडपात घातलं. मॉर्वेन काटे उपटत म्हणाली, "झुडूप आलं हे सांगायचं राहिलं तुझं."

फेरीच्या दिवशी आभाळ खाली आलं होतं आणि वारा समोरून. मी नेहमीसारखी सुरू होते. "डावीकडे गोर्सची झुडपं कशी पिवळीधमक झालीत बघ, पाण्यावर दोन बदकं, मॅकफीच्या शेतात नवीन ट्रॅक्टर..."

"गोर्सचा वास येतोय मला. रस्त्याचं बोल."

पुलाखाली मी तिला काठापर्यंत नेलं. चाचपून चाचपून तिने एक गोटा उचलला. मी काही उचलला नाही. मी तर नुसती हमाल.

पहिलं वळण बरं गेलं, दुसरं कसंबसं. अगदी उभ्या चढावर, रस्त्याच्या आडवं एक फाटक आहे, वरच्या कुरणातली कोकरं खाली रस्त्यावर येऊ नयेत म्हणून. आमच्याकडे पोराला चालता यायच्या आधी शिकवतात, पहिल्याने फाटक उघडावं, शेवटच्याने लावावं. त्या दिवशी शेवटच्या आम्ही होतो आणि फाटक आमच्यासाठी उघडं ठेवायचं ठरलं होतं. आमच्या पुढे इनिस होता. सज्जन माणूस, तीन पिढ्यांचा मेंढपाळ. आपल्या घोळक्यात तो शेवटचा, आणि समोरून मेंढ्या-कोकरं येताना दिसली. हाताने डोक्याला न विचारताच फाटक लावलं, आणि तो पुढे निघून गेला.

वळण घेऊन मी वर बघते तर फाटक बंद!

"थांबतेय!" मी ओरडले. चारही पाय जमिनीवर आले.

"काय झालं?"

तिला दिसत नव्हतं. दुसरं काहीही सांगता आलं असतं. "फाटक," मी म्हणाले. "त्या इनिसने लावलं, मेल्याने."

मॉर्वेनने खिशातून गोटा काढला आणि बाजूला फेकून दिला.

माझी आरडाओरड ऐकून सगळे खाली आले. इनिसचं तोंड बघवत नव्हतं. "माझी चूक, मॉर्वेन. हात गेला गं आपोआप."

"पुढे कोकरं होती ना? मग मीही लावलंच असतं," ती म्हणाली.

स्ट्रुअन पुन्हा गोड आवाज काढून म्हणाला, "हे आपण धरू या चढलेलंच. फाटकाला काय करणार? सगळ्यांची हरकत नाही ना?"

"माझी आहे," मॉर्वेन म्हणाली. "पाय टेकला. मागे तुझा टेकला होता स्ट्रुअन, तेव्हा धरलं होतं का रे कुणी?" मग माझ्याकडे वळून, "एफी, खाली उतरून परत चढायला तुझ्या पायांत काही शिल्लक आहे का?"

काहीही नव्हतं. "भरपूर आहे," मी म्हणाले.

"अगं, पण फाटक?" इनिस म्हणाला. "आता तर सगळा कळप इथे आलाय. उघडं ठेवलं तर कोकरं थेट लॉखमध्ये."

"ते तुम्ही बघा," मॉर्वेन म्हणाली. "मी दगड आणायला चालले."

सायकल ढकलत आम्ही पुलापर्यंत चालत उतरलो. पाऊस सुरू झाला. ती काठावर बराच वेळ वाकून होती. मला वाटलं, दम खातेय.

दुसऱ्या खेपेला दुसरं वळण आलं आणि माझं बोलणं थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा. छातीत हवाच नव्हती, मांड्या पेटल्या होत्या, आणि मनात एकच होतं, पाय टेकावा आणि मोकळं व्हावं.

"एफी, गप्प का गं?"

मी नुसती धापा टाकत होते.

"बरं, मग मी बोलते," ती मागून म्हणाली. "ओढ्याचा आवाज डावीकडून येतोय, म्हणजे थोडं सपाट येईल, तेवढ्यात श्वास घे. घेतलास? आता रोवनचं झाड, तिथे उजवीकडून जा, डावीकडे रस्ता उखडलाय. दाब. माझ्याबरोबर दाब. तू नुसतं धर, बाई, ओढते मी."

आणि खरंच ओढत होती. मागच्या पायट्यांतून येणारा तो जोर मला तळपायात कळत होता. मी हिला वर नेतेय असं हिवाळाभर सगळ्यांना सांगत सुटले होते, त्याची मला तिथे चढावरच लाज वाटली.

फाटक सताड उघडं होतं. एका बाजूला मेंढ्यांचा कळप, आणि मध्ये आमचा सगळा क्लब, खांद्याला खांदा लावून, हात पसरून, घट्ट सदऱ्यांत भिजलेली माणसांची भिंत. आमच्यापुरती जागा सोडलेली. स्ट्रुअनच्या काखेत एक कोकरू धडपडत होतं. इनिस गुडघ्यांवर बसून दुसऱ्याला अडवत होता.

"ही कसली बेंबें? फाटकावर कोण आहे?" मॉर्वेनने विचारलं.

"सगळे," मी कशीबशी म्हणाले. तेवढाच एक शब्द निघाला.

मागचे पायटे आणखी जोरात फिरले.

माथ्यावर मी सायकलवरून उतरले नाही, पडले. मॉर्वेन हात पुढे करून राशीपर्यंत गेली, वरचे दगड चाचपले आणि आपला गोटा नीट बसवला. मग पुन्हा खिशात हात घातला, माझा आवाज कुठून येतोय ते बघितलं, म्हणजे माझं हुंदके देणं, आणि माझ्या तळव्यावर काहीतरी ओलं, गार ठेवलं. दुसरा गोटा.

"मला कशाला? मी चहावाली," मी म्हणाले.

"चहा इनिस करतोय," ती म्हणाली. "ठेव."