खाचेतली जुनी रिंग

खाचेत काहीतरी होतं. बोट फिरवलं तर लोखंडासारखं कडक, पण नख रुतवल्यावर किंचित दबणारं — जुनी रबरी रिंग, तेलात शिजून काळी पडलेली, ऑइल फिल्टरच्या बुडाशी एकजीव झालेली. मागच्या वेळची गळती भाऊजींनी स्वतःच काढली होती ना. जुनी निघालीच नाही हे न बघता तिच्यावर नवी बसवली. लष्कराच्या लिलावातून आलेल्या या जुन्या ट्रकांवर नवखा माणूस हमखास हाच घोळ घालतो. उभ्या गाडीला दोन रिंगा एकमेकींवर तग धरतात. चढावर, भरल्या खेपेला, दाब वाढला की वरची सटकते, तेल भसाभस जातं, इंजिन जाम होतं... आणि दगडांनी भरलेली गाडी उलटी मागे येते.

मेस्त्री ट्रकखाली उताणा पडला होता. शेजारी भाऊजींचे बूट. परवा तो ताईकडे गेला तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता, ओठ फाटलेला. ‘न्हाणीघरात पाय घसरला रे,’ म्हणत ती हसली होती — लहानपणी त्याचे अपराध आईपासून लपवताना हसायची, अगदी तशी.

“काय मेव्हणे, झोप लागली का?” भाऊजींचा आवाज आला. “तुमच्या घराण्यात सगळेच ढिले. बहिणीला तर दोन ठेवून दिल्याशिवाय काही कळत नाही.”

पाना मुठीत आवळला गेला. बाहेर सरकायचं, नडगीवर एक, कोसळला की तोंडावर दुसरा, तिसरा... जबडा मोडल्याचा आवाजसुद्धा त्याने ऐकला. हात थरथरत होता. पण पाना कशाला? मी काही करायचंच नाही. वरची फाटकी काढायची, नवी तिथेच ठेवायची, जुनीवर — बस्स.

त्याने तसंच केलं.

इंजिन सुरू झालं. भाऊजी वाकून बघत होते. “वा, एक थेंब नाही. आता तुमच्या ताईला घेतो नि खाणीवर जातो. घरी नुसती रडत बसते. केबिनमध्ये तरी गप्प बसेल.”

“थांबा,” मेस्त्री म्हणाला. “इंजिन बंद करा.”

“आता काय झालं?”

“गळतंय.”

फिल्टरचा डबा खोलताना गरम तेल मनगटावर सांडलं, कातडी भाजली. त्याला ते बरंच वाटलं. दात काढावा तशी जुनी रिंग त्याने उचकटून काढली, खाच पुसली, नवी बसवली आणि बोल्ट नीट आवळला.

ट्रक गेला. खाली एक थेंब नव्हता. आपण माणूस मारायला निघालो होतो, आता आपलीच भीती वाटेल, असं त्याला वाटलं होतं. वाटली ती हळहळ. ती काळी रिंग अजून मुठीत होती, आणि ती त्याला फेकवेना. आज ताई केबिनमध्ये असणार होती, एवढंच... ती काही रोज बसणार नाही. त्याने हात डोळ्यांसमोर धरला. तो आता अजिबात थरथरत नव्हता.