उंबऱ्याबाहेरची

नुमा सहलीहून परतली ती मुकी होऊन. ग्लेनमोर बंगल्याच्या अंगणात सगळे मटण शिजवण्यात दंग, आणि ही सात वर्षांची पोर एकटीच आत शिरली, गोऱ्या साहेबांच्या मुलांच्या जुन्या खोलीत. बाहेर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. तेव्हापासून ना घास, ना शब्द. डॉक्टरांना काही सापडेना. शेवटी गावच्या मांत्रिकाला, झांक्रीला बोलावलं. त्यानं नाडी धरली नि सांगितलं, "हिचा सातो तिथंच राहिलाय. घाबरलेल्या लेकराचा जीव असा मागं राहतो. आईनं जाऊन आणायचा. वाटेत बोलू नकोस, मागं वळून बघू नकोस."

साहेबलोक जाऊन जमाना झाला, तरी त्या बंगल्याचा तोरा काही उतरला नव्हता. छप्पर गंजलं, काचा गेल्या, पण फाटकाशी माणूस अजून आपसूक खाली मान घालतो. नुमाच्या आईनं, पुन्नमायानं घातली नाही. तिला भीतीपेक्षा संताप जास्त आला होता. लेकीचा फ्रॉक पसरून तिनं त्यावर तांदूळ टाकले आणि त्या खोलीच्या दारातून हाक मारली, "नुमा, ये गं! घरी चल. आमा न्यायला आलीये!"

आत काहीतरी हललं. तिनं फ्रॉकची पुरचुंडी छातीशी धरली आणि पाठ फिरवली.

देवदारांत धुकं दाटलं होतं. मागून पावलं वाजत होती, हलकी, लहान मुलांची. वळणावर दोल्मा दिदीचं चहाचं दुकान. दिदी म्हणजे गावाचं वर्तमानपत्र.

"अगं पुन्नमाया, या धुक्यात दोन पोरी घेऊन कुठं निघालीस? ती मागची तर अनवाणी आहे! कुणाची गं?"

पुन्नमायाला मागं बघता येत नव्हतं. दोघींतली नुमा कोणती? एकीला 'माझी नाही' म्हणावं आणि तीच नुमा निघाली तर?

"माझ्याच आहेत दोघी," ती कशीबशी म्हणाली आणि झपझप चालू लागली.

घराचं दार बंद होतं. आतून नवऱ्यानं, जसहांगनं, रीतीप्रमाणे विचारलं, "कोण आलं?"

"नुमा आली."

दार उघडलं, लगेच लागलं. फ्रॉक अंथरुणावर निपचित पडलेल्या पोरीच्या अंगावर टाकला, तशी तिनं डोळे उघडले. "आमा, भूक लागली."

जसहांग ढसाढसा रडला. पुन्नमायानं भात कालवला. चार घास झाले, आणि नुमा दाराकडे बघत थांबली.

"ती बाहेरच राहिली."

"कोण?"

"तिथली. तूच दुकानात म्हणालीस ना, दोघी माझ्याच. मग बाबांनी तिला विचारलं का नाही?"

जसहांगनं बायकोकडे पाहिलं. "वाटेत बोललीस?" त्यानं उठून कडी घातली. "उद्या झांक्रीला बोलावू. बांधून टाकेल तिला."

"तिला नाव आठवत नाही, बाबा," नुमा म्हणाली. "हाक मारणारं कुणी नव्हतंच. थंडी वाजतेय तिला."

पुन्नमायाला भीती होतीच, पण दाराबाहेर एक लेकरू उभं होतं, आणि आपल्याच हाकेनं इतक्या लांब आलं होतं. तिनं कडी काढली. अंगणात नुसतं धुकं होतं. ती बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

"विचारा."

"वेडी झालीस काय? आत ये!"

"विचारा म्हणते ना."

मग जसहांगचा बारीक आवाज आला, "कोण आलं?"

दुसरी मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून एक नाव तिनं नुमा झाल्यापासून मनात जपलं होतं. ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"सुनाखरी आली," ती म्हणाली.

दार उघडलं. तिच्या गुडघ्याला गार काहीतरी घासून आत गेलं. चुलीपाशी बसलेली नुमा थोडी बाजूला सरकली.