तिघांची तिवई

मी एक जुनी तिवई आहे. तीन पाय आणि वर एक गोल पाट, एवढाच माझा संसार. दाराजवळच्या कोपऱ्यात माझी जागा आहे. सकाळी घरातली माणसं एकेक करून बाहेर पडतात, कुलूप लागतं, आणि मग संध्याकाळपर्यंत मी आणि भिंतीवरचं घड्याळ. घड्याळाला स्वतःशिवाय कुणाचं ऐकायची सवय नाही. त्यामुळे मित्रांनो, तुम्ही आज भेटलाच आहात तर मी तुम्हाला सोडणार नाही. ऐकूनच जा.

माझा जन्म लाकूडकामाच्या कारखान्यात झाला. मला घडवणारी त्या कारखान्यात एकटीच बाई होती. पहिलं वर्षभर तिच्या हातात फक्त घासायचा कागद दिला होता. मग एकदा मोठ्या मिस्त्रींनी तिचं काम उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हिचा हात बसलाय. हिला कोरायला पटाशी द्या." ते वाक्य ती पुढे कितीतरी दिवस घरी येऊन सांगायची. जेवणाच्या सुट्टीत डबा पटकन संपवून, टाकाऊ तुकड्यांमधून तिने मला केलं, आपल्या अडीच वर्षांच्या मुलीसाठी. माझ्या अंगात एकही खिळा नाही. पायाचं टोक पाटाच्या भोकात बसवायचं आणि त्यात लाकडाची पातळ पाचर ठोकायची, म्हणजे पाय हलत नाही. पाटाच्या खालच्या बाजूला तिने एक छोटी भिंगरी कोरली. मुलगी घरभर गोल गोल फिरायची, म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणायचे.

"हिला चार पाय का नाहीत?" भिंगरीने पहिल्याच दिवशी विचारलं.

"तीन पायांची वस्तू कुठल्याही फरशीवर डुगडुगत नाही," आई म्हणाली. "आणि आपण घरात किती जण? एक पाय मी, एक बाबा, एक तू."

भिंगरीने तेव्हाच तिन्ही पाय वाटून टाकले. ज्या पायाच्या लाकडात गाठ होती तो बाबांचा, कारण बाबांच्या गालावर तीळ होता. गुळगुळीत पाय आईचा. राहिलेला तिचा.

माझे ते दिवस फार सुखाचे होते. माझ्यावर उभी राहून भिंगरी दात घासायची, दिव्याचं बटण दाबायची, खिडकीतून खाली पाहायची. पाहुणे आले की माझ्यावरच उभी राहून गाणं म्हणायची आणि मधलं कडवं हटकून विसरायची. कुणी म्हणे, "किती सुबक तिवई!" तेव्हा आई नुसतीच हसायची आणि माझा ऊर भरून यायचा.

मग बाळ आलं. भिंगरी त्याला 'गाठोडं' म्हणायची, कारण ते कायम गुंडाळलेलंच असायचं. त्याच सुमारास बाबांची बदली दुसऱ्या गावी झाली. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. आईने कारखाना सोडला. हत्यारांची पेटी माळ्यावर गेली.

बाळाला अंघोळ घालताना आईची पाठ भरून यायची. एक दिवस ती म्हणाली, "भिंगरे, तुझी तिवई न्हाणीघरात ठेवू का गं? मला बसायला होईल. तू आता मोठी ना?"

भिंगरी चार वर्षांची होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मान हलवली. समोरच्या मावशी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "किती शहाणी आहे हो तुमची पोर."

त्या दिवसापासून भिंगरी शहाणी झाली. तिने मला दिलं. मग आईच्या शेजारची झोपायची जागा दिली. मग झोपतानाची गोष्ट दिली, कारण गोष्टीच्या ऐन मध्यावर बाळ उठायचं. प्रत्येक वेळी कुणीतरी तिला शहाणी म्हणायचं आणि ती आणखी थोडी गप्प व्हायची. फिरणं बंद झालं. गाणं तर कधी बंद झालं ते मला कळलंही नाही, कारण मी आता न्हाणीघरात होते.

न्हाणीघरात मला दुसरंच काही ऐकू यायचं. आई बाळाच्या अंगावर पाणी घालता घालता त्याच्याशी बोलायची. सागाचा वास कसा असतो, रंधा धरताना कोपर कुठे ठेवायचं, असलं काहीबाही. बाळ साबणाचा फेस खायला बघायचं. एकदा ती त्याला म्हणाली, "दिवसभरात मला 'जेवलीस का' म्हणून विचारणारंसुद्धा कुणी नाही रे." बाळाने तिच्या नाकाला हात लावला. ती हसली, पण तिच्या गालावरून जे ओघळलं ते अंघोळीचं पाणी नव्हतं. मी तिच्या इतकी जवळ होते, आणि मला तोंड नव्हतं. आयुष्यात एवढं वाईट मला कधी वाटलं नाही.

आणि मला पाण्याचं वावडं. रोज भिजायचं, रोज सुकायचं. माझी एक पाचर आकसली आणि एक पाय हलायला लागला. तो नेमका भिंगरीचा पाय होता. बसताना आईला ते जाणवलं. तिने मला उलटं करून बोटाने पाय हलवून पाहिला. लाकडाची जाण असलेली बाई ती, एका नजरेत तिला सगळं कळलं. "उद्या बघते," ती म्हणाली. तेवढ्यात बाळ रडलं. असे कितीतरी 'उद्या' आले नि गेले.

आता त्या दिवसाचं सांगते. बाळ आठ महिन्यांचं झालं होतं आणि घरभर रांगत होतं. आई त्याला पुढच्या खोलीत सतरंजीवर ठेवून धुतलेले कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. सकाळपासून भिंगरीने तिला सात वेळा हाक मारली होती आणि सातही वेळा "थांब जरा" ऐकलं होतं. ती न्हाणीघरात आली. तिने मला उचललं, खरं तर ओढलंच, आणि गॅलरीच्या दाराशी नेऊन ठेवलं. माझ्यावर चढून तिने दाराची वरची कडी लावली. ती कडी आईनेच मुद्दाम उंचावर बसवली होती, भिंगरीने एकटीने गॅलरीत जाऊ नये म्हणून. आपणच केलेली तिवई आपल्याच कडीपर्यंत पोचेल, हे त्या हुशार बाईच्या डोक्यात आलं नव्हतं.

कपडे संपले. आईने दार ढकललं. मग ती शेजारच्या गजांच्या खिडकीशी आली.

"भिंगरे, कडी लागली का गं?"

"मी लावली."

"का बरं?"

"तू आत आलीस की आधी त्याच्याकडे जातेस. आज आधी मला विचार."

"काय विचारू?"

एवढा विचार भिंगरीने केला नव्हता. "काहीपण," ती म्हणाली.

आईला हसू आलं. "बरं. बाईसाहेब, आपण दार उघडता का?"

बाईसाहेब खूश झाल्या. पुन्हा माझ्यावर चढल्या, टाचा उंचावल्या, सगळा भार एका बाजूला टाकला, आणि माझा पाय निसटला. मी आडवी झाले. भिंगरी धपकन खाली बसली.

"लागलं का?" आईचा आवाज चढला.

"नाही. तिवई मोडली."

मित्रांनो, दोन पायांवर मी कशी उभी राहणार? घरात उंच होईल असं भिंगरीला उचलण्याजोगं दुसरं काही नव्हतं. फोन आत होता. समोरच्या मावशी कामावर गेल्या होत्या. खाली लोखंडाच्या दुकानात घासण्याचं यंत्र चालू होतं. आईने दोनदा हाका मारल्या. रस्त्यावरचं कुणी वर पाहिलंसुद्धा नाही.

आणि तेव्हा बाळ सतरंजीवरून निघालं. न्हाणीघराचं दार मला ओढून आणताना सताड उघडं राहिलं होतं. आत पाण्याने भरलेला पसरट टब होता आणि नळ ठिबकत होता. त्या आवाजाच्या दिशेने ते आनंदाने रांगत चाललं. खिडकीतून आईला दिसत होतं. तिने गज इतके घट्ट धरले की तिची बोटं पांढरी पडली. पण आवाज मात्र तिने अगदी हळू केला.

"भिंगरी, पळत जा. बाळाला मागे ओढ आणि न्हाणीघराचं दार लाव."

भिंगरी पळाली. बाळाचे हात उंबऱ्यावर पोचले होते. तिने त्याच्या कमरेला मिठी मारली आणि मागे ओढलं. दोघंही एकमेकांवर बसली. मग उठून तिने दार लावून घेतलं आणि त्याची खालची खिट्टी सरकवली. बाळाने भोकाड पसरलं. आईने कपाळ गजांवर टेकवलं.

मग ती म्हणाली, "आता तो पाय मला आणून दे."

माझा पाय गजांमधून बाहेर गेला. आईने वाळत घातलेला बाळाचा ओला लंगोट दोरीवरून ओढला, दाताने त्याची पट्टी फाडली आणि पायाच्या टोकाला गुंडाळली. पाय परत आत आला.

"तिवई उलटी ठेव. टोक भोकात घाल. बाबांचा जुना बूट घे आणि टाचेने ठोक."

भिंगरीने ठोकलं. पहिला घाव फरशीवर, दुसरा स्वतःच्या बोटावर. ती रडली नाही.

"आणखी," आई म्हणाली. "तिला दुखणार नाही, ठोक."

मला दुखत होतं. पण मी ब्र काढला नाही. ती ओली चिंधी माझ्या भोकात घट्ट दबून बसली. ज्या पाण्याने मला सैल केलं होतं, तेच त्या दिवशी माझ्या मदतीला आलं.

"आता चढ. मधोमध उभी राहा. कडेला नाही."

तिची दोन्ही पावलं माझ्या पाटावर आली. पाय करकरला. मी सगळा जीव त्या एका भोकात एकवटला. चार वर्षांच्या मुलीचा भार तो केवढा, पण त्या क्षणी मला अख्खं घर डोक्यावर घेतल्यासारखं वाटलं. कडी आधी अडली, मग सरकली. भिंगरी खाली उतरली आणि तिने मला बाजूला ओढलं.

दार उघडलं आणि आई वाऱ्यासारखी आत आली. भिंगरीच्या बाजूने ती तशीच पुढे गेली. तिने बाळाला उचललं, छातीशी धरलं, त्याचं डोकं, हात, पाय चाचपून पाहिले. तिचं तरी काय चुकलं? ते रडून रडून लाल झालं होतं. पण भिंगरी दाराशी उभी राहून बघत होती, आणि मी तिच्या पायाशी होते.

जरा वेळाने तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि ती न्हाणीघराकडे निघाली.

"कुठे चाललीस गं?" आईने विचारलं.

"हिला जागेवर ठेवते. उद्या तुला बसायला लागेल ना."

आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. आईने तोंड उघडलं. "शहा..." एवढंच म्हणाली आणि थांबली. मग ती बाळासकट तिथेच फरशीवर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

भिंगरी मला घेऊन परत आली. "काय झालं आई?"

कितीतरी महिन्यांत आईला कुणी असं विचारलं नव्हतं. चार वर्षांच्या मुलीला काय सांगायचं, याचा तिने क्षणभर विचार केला असावा. मग खरं तेच सांगितलं. "मला फार एकटं वाटतं गं."

"घरात तर आपण आहोत."

"हो. तरी वाटतं."

भिंगरी तिच्याजवळ सरकली. "मला पण," ती म्हणाली.

आईने तिला ओढून घेतलं. एका मांडीवर बाळ, दुसऱ्या मांडीवर भिंगरी. किती वेळ तशी बसली कोण जाणे. कपड्यांची बादली गॅलरीत तशीच राहिली होती.

त्याच दुपारी हत्यारांची पेटी माळ्यावरून खाली आली. आईने मला कोरडं पुसलं, चिंधी काढली आणि नवी पाचर तासली. हातोडी मात्र भिंगरीच्या हातात दिली. तिने ठोकलेली पाचर जरा तिरकी गेली, म्हणून तो पाय वाकडाच बसला. आईच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. तिने अंगठा फिरवून पाहिलं आणि तसंच राहू दिलं. तेव्हापासून मी एका बाजूला थोडी कलते.

"पण याचा पाय कुठे आहे?" भिंगरीने बाळाकडे बोट दाखवलं.

"नाही गं. तिवईला तीनच पाय असतात."

भिंगरीने बराच विचार केला. "मग हा वर बसेल," ती म्हणाली. "आपण तिघं खालून धरू."

आणि तिने गाठोड्याला माझ्यावर बसवायला लावलं. आईने पाठीशी हात धरला होता.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल आलं. बाळ चालायला लागलं तेव्हा आईने मिस्त्रींना फोन केला. आता ती रोज कारखान्यात जाते आणि पेटीही तिच्याबरोबर जाते. भिंगरीचा हात कडीला सहज पोचतो. गाठोडं शाळेत जातं आणि त्याला कुणी गाठोडं म्हटलं की चिडतं. माझं काम सरलं. दिवसभर मी धूळ खात उभी असते आणि मला फार एकटं वाटतं, हे तुमच्यापासून कशाला लपवू? पण संध्याकाळी कुलूप उघडतं. आई माझ्यावर बसून चपला काढते, आणि भिंगरी रोज विचारते, "काय झालं आई आज?" मग आई सांगायला लागते.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. लाकडाला ओल लागू देऊ नका. सैल झालेली पाचर उद्यावर ढकलू नका. आणि घरात कुणी मुकाट्याने आपली जागा सोडून दिली, तर त्याला शहाणं म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्याजवळ खाली बसा आणि विचारा, काय झालं.