सातवा रकाना

गल्लीच्या टोकाला, शेवटच्या घराच्या नळाखाली किल्लीकाकांनी ओंजळ धरली आणि घटाघटा पाणी प्यायले. जोड नवा बसवल्यावरचे गढूळ पाणी त्यांनी आधीच वीस मिनिटे रस्त्यावर वाहू दिले होते. शेजारी उभ्या असलेल्या तरुण इंजिनिअरबाईने काचेची नळी उन्हात धरून रंग पाहिला. क्लोरीन हवे तेवढे होते.

"काका, पिऊन काही कळत नसतं हो," ती म्हणाली. "जंतू असले तरी चव तीच लागते. म्हणून तर ही नळी."

"माहीत आहे. तुमची नळी बघितल्याशिवाय मी पीत नाही."

"मग पिता कशाला?"

"ते वेगळं." काकांनी ओले हात पँटला पुसले.

खड्डा बुजवणारे दोघे हसले. "बाई, त्यांना विचारू नका. गावातल्या एकेका नळाचं पाणी चाखून झालंय त्यांचं. रिटायर झाले की घरच्या नळाचं पचायचं नाही."

"तुम्ही माती दाबा नीट," काका म्हणाले. "परवासारखी खचली तर तुम्हालाच उभं करीन त्यात."

खांद्याएवढ्या उंचीची लोखंडी किल्ली घेऊन काका गावभर व्हॉल्व्ह उघडत आणि बंद करत फिरत. त्यांचे खरे नाव फक्त पगारपत्रकावर उरले होते. बाई पाणी खात्यात रुजू झाली तेव्हा जमिनीखालच्या पाइपांचा नकाशा कुठेच नव्हता. जो होता तो काकांच्या पायांत होता. ते चालत चालत थांबत, टाच आपटत आणि म्हणत, "इथं." ती खडूने खूण करी. नकाशा किती विश्वासाचा आहे ते कळावे म्हणून तिने तेवीस ठिकाणी खोदून मोजले होते. सरासरी चूक निघाली अकरा सेंटिमीटर. हा आकडा तिने दोनदा तपासला होता आणि मग वहीत त्याभोवती चौकट काढली होती.

तो नकाशा आता निधीच्या अर्जाला जोडायचा होता.

निधीची रचना तिला पहिल्यापासून फार आवडली होती. सरकारने कधीकाळी एकदाच एक मोठी रक्कम बाजूला काढली होती. त्यातून छोट्या गावांना पाणी आणि सांडपाण्याच्या कामांसाठी तीस वर्षांच्या मुदतीने, दीड टक्का व्याजाने कर्ज मिळे. फेडीचे हप्ते पुन्हा निधीतच येत आणि पुढच्या गावाला जात. म्हणजे कुठल्यातरी न पाहिलेल्या गावातले लोक आपल्या पाइपांचे हप्ते मुकाट्याने भरत होते, म्हणून इथले साठ वर्षांचे पाइप निघणार होते. आणि इथले लोक भरतील तेव्हा आणखी कोणाचे तरी. बँकेकडे गेले तर व्याज नऊ टक्के पडत होते. पाणीपट्टी दुप्पट झाली असती. निम्म्या गावाला ती झेपली नसती आणि काम कागदावरच राहिले असते.

पण निधीकडे रांग मोठी होती. जिथे धोका जास्त, तिथे आधी. त्यासाठी अर्जाला गुण होते. शंभरांपैकी साठ हवे होते, आणि तिने तीन वेळा बेरीज केली तरी सत्तेचाळीसच होत होते.

"कमी कशात पडलो?" खात्याच्या साहेबांनी विचारले.

"तक्रारींत. पाच वर्षांत नोंदवहीत फक्त अकरा तक्रारी आहेत."

"अकरा? माझ्याच घरच्या नळाच्या पाच असतील."

"त्या तुम्ही ऑफिसात नोंदवल्या का?"

साहेब थोडे ओशाळले. "नाही. काकांना फोन केला."

"सगळं गाव तेच करतं. ते सायकल काढतात, दुरुस्त करून येतात. नोंद होतच नाही."

"म्हणजे आपला माणूस चांगला निघाला, ही आपली अडचण!" साहेब हसले आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "वीसेक तक्रारी लिहून टाकू का मागच्या तारखांनी? खोट्या थोड्याच आहेत?"

"खऱ्या आहेत, तर तारखा कुठल्या घालायच्या, साहेब?"

त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि हात झटकला. "बरं, राहिलं. पुढे काय आहे? सातवा रकाना?"

"पाच वर्षांत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याची घटना. पंधरा गुण."

"तसं आपल्याकडे काही झालेलं नाही."

"नाही."

"देवाची कृपा," साहेब म्हणाले, "आणि आपलं नुकसान."

दुपारी तिने हा विनोद काकांना सांगितला. ते सामानाच्या खोलीत बसून एका व्हॉल्व्हच्या दांड्याला ग्रीस लावत होते. ते हसले नाहीत.

"त्या रकान्यात लिहायचं काय काय?"

"तारीख, जागा, कारण, किती लोकांना त्रास झाला. कोणाच्या हातून झालं. आणि खाली त्या माणसाची सही." ती नकाशाची गुंडाळी बांधत होती. "आधी नोंद झालेली नसली तरी चालतं, पुरावा असला तर."

काकांनी ग्रीसचा डबा बंद केला. मग पाना उचलला आणि फडक्याने पुसू लागले. पाना स्वच्छ होता. ती निघाली तरी ते पुसतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा काका तिच्या टेबलाशी उभे होते. त्यांनी एक घडी घातलेला कागद पुढे केला आणि त्यावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. पिशवीत रबराची काळी रिंग होती, एका बाजूला चिमटून फाटलेली.

तिने कागद उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली आणि मग खुर्ची ओढून बसली.

चार वर्षांपूर्वी, थंडीत, टेकाडावरच्या गल्लीत पाइपाचा जोड सुटला होता. त्याच खड्ड्यात वरून जाणारी सांडपाण्याची वाहिनी तडकलेली होती. काकांनी जोड बसवला. रिंग नीट बसली की नाही हे दाब देऊन पाहायला आणि नंतर लाइन धुवायला दोन तास लागले असते. त्या दिवशी पाणी आधीच उशिरा सुटणार होते, फोनवर फोन येत होते. त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. चार दिवसांनी गल्लीतली मुले आजारी पडू लागली. काकांनी पुन्हा खणले तेव्हा ही रिंग मिळाली.

"सात मुलं," काका म्हणाले. "सगळी बरी झाली. एक जण दहा दिवस दवाखान्यात होता."

"तुम्ही कोणाला बोलला नाहीत?"

"घरी पण नाही. सगळ्यांनी आपापलं कारण शोधलेलं होतं. मी गप्प बसलो."

तिला एकदम आठवले. "त्या गल्लीतले एकतीस नळजोड तुम्ही दुसऱ्या बाजूने फिरवलेत. नकाशात आहे. मला वाटलं दाब वाढावा म्हणून."

"लोकांना तसंच सांगितलं. रविवारी रविवारी केलं, पाच महिने लागले." त्यांनी टेकाडाच्या दिशेने हात केला. "गटाराजवळून एकही जोड जात नाही आता तिथं. पण मोठी लाइन तिथूनच जाते, बाई. ती माझ्याच्यानं हलत नाही. ती हलवायला तुमचा निधीच पाहिजे."

तिने पिशवीतली रिंग बोटांनी फिरवली. फाटलेली कड नखाला लागत होती. काल गल्लीच्या टोकाला त्यांनी धरलेली ओंजळ तिला दिसली, आणि ते 'वेगळं' काय होते ते कळले.

"काका, दोन महिन्यांनी तुमची निवृत्ती आहे."

"म्हणून तर. नंतर सही कोण करणार?"

"आणि अर्ज जाण्याआधी गावसभेत वाचावा लागतो. पूर्ण. निधीचा नियम आहे."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

काकांनी मान खाजवली. "मग द्या इकडं. चांगल्या अक्षरात लिहून आणतो. वाचणारा अडायला नको."

ती त्या दिवशी आरोग्य केंद्रात गेली. काकांवर अविश्वास होता असे नाही. पुरावा जोडायचा होता. चार वर्षांपूर्वीच्या रजिस्टरमध्ये त्या आठवड्यात उलट्या-जुलाबाची सात मुले होती. तिने त्यांची घरे नकाशावर लाल ठिपक्यांनी दाखवली. सातही ठिपके त्या जोडाच्या पुढे, पाणी जाते त्या बाजूला होते. मागच्या बाजूला एकही नव्हता. इतका स्वच्छ आलेख तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेतही कधी मिळाला नव्हता. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. या माणसाला कोणी पकडले नव्हते, पुढेही कोणी पकडले नसते.

शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. साठेक माणसे आली होती. त्यांतल्या एकाला फक्त आपल्या घरासमोरच्या दिव्याविषयी विचारायचे होते, ते त्याने आल्या आल्या विचारून घेतले आणि मग पंखा बरा लागतो म्हणून बसून राहिला. लेखनिक अर्ज वाचू लागला. लोक आधी कुजबुजत होते, मग जांभया देऊ लागले. सहावा रकाना संपला. लेखनिकाने पुढची ओळ पाहिली, पाण्याचा ग्लास उचलला पण वाचायला त्याचे तोंड उघडेना.

"आणा इकडं," मागून काका म्हणाले. "ते मी वाचतो."

ते पुढे आले. चष्मा लावला आणि वाचले. तारीख, जागा, कारण, मुलांची संख्या, आणि शेवटी स्वतःचे पूर्ण नाव. ते नाव ऐकून दोन-तीन जणांनी हे कोण म्हणून एकमेकांकडे पाहिले, आणि मग त्यांच्या लक्षात आले.

"काका, तुम्ही?" कोणीतरी म्हणाले.

"मी."

"अहो, आम्ही आइस्क्रीमवाल्याला धरलं होतं. अजून गल्लीत येऊ देत नाही त्याला."

कोणी हसले नाही. इंजिनिअरबाई पहिल्या रांगेत बसली होती. नकाशा मांडीवर उलगडून तिने तो कोणी विचारलेच तर दाखवायला तयार ठेवला होता. कोणी विचारले नाही. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली एक बाई तिसऱ्या रांगेत उठून उभी राहिली.

"तारीख परत वाचा."

"जोड बसवला नऊ तारखेला," काका म्हणाले. "मुलं आजारी पडली तेरापासून."

"माझा तेरालाच पडला. दहा दिवस सलाइनवर होता."

"हो. तुमचाच तो."

"आणि केक बाराला आणला होता," ती म्हणाली. हे ती काकांना सांगत नव्हती.

लेखनिक इंजिनिअरबाईच्या कानाशी वाकला. "शिवणकाम करते. हिची मोठी जाऊ केक बनवून विकायची. मुलगा तिचा केक खाऊन आजारी पडला, असं हिनं सगळ्या गावाला सांगितलं. तिच्या ऑर्डरीच बंद झाल्या. वर-खाली राहतात, नळ एकच. पण चार वर्षं शब्द नाही. ती बघा, खिडकीशी."

खिडकीशी बसलेली बाई स्वतःच्या हातांकडे पाहत होती.

शिवणकामवाली काकांकडे बघत राहिली. सगळा हॉल तिच्या तोंडाकडे पाहत होता. साहेबांनी टेबलावरचा हात उचलला होता, ती ओरडली तर आवरायला.

"चार वर्षं, काका," ती म्हणाली.

"हो," काका म्हणाले. चष्मा काढून त्यांनी कागदावर ठेवला.

तिने गळ्यातली मोजपट्टी काढली, बोटाभोवती गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. मग रांगेतल्या लोकांचे गुडघे चुकवत ती रांगेबाहेर आली. ती दाराकडे निघाली असे वाटले, पण ती खिडकीकडे वळली आणि जावेच्या शेजारच्या खुर्चीपाशी उभी राहिली. खुर्चीवर जावेची पिशवी होती.

"ही उचलता का जरा?"

मोठीने मान वर केली नाही. तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली, खुर्चीवरची धूळ हाताने झटकली, आणि पुन्हा एकदा झटकली.

"बस," ती म्हणाली.

पंख्याचा आवाज येत होता. इंजिनिअरबाईने नकाशाची घडी घातली. ती वाकडी पडली, म्हणून उघडून परत घातली. काका अजून टेबलाशी उभेच होते. त्यांना जा म्हणून कोणी सांगितले नव्हते आणि बसा म्हणूनही नाही.

खिडकीशी बसलेल्या मोठ्या जावेने प्रथमच त्यांच्याकडे पाहिले.

"तुम्हीपण बसा हो, काका," ती म्हणाली. "किती वेळ उभे राहणार?"

साहेबांनी घसा साफ केला आणि लेखनिकाकडे वळून म्हणाले, "हं. आठवा रकाना."