सतरा हाका, एक घंटी

मित्रांनो, मी एका जुन्या संगणकातला चार ओळींचा कोड आहे. भोपाळच्या बरखेड्यात, गोपीनाथकाकांच्या खाटेशेजारी आमचा संगणक असतो.

संगणकाच्या मूळ कारभाऱ्याला कर्नल म्हणतात. त्याने आम्हा दोनशे छप्पन्न भावंडांना एकाच साच्यातून काढलं. अंगकाठी तीच, फक्त नंबर वेगळा. माझा एकेचाळीस. बाहेरून हाक आली की चालू काम जसंच्या तसं बाजूला ठेवायचं, आपला नंबर सांगून कर्नलला उठवायचं आणि नंतर ठेवलेलं सगळं परत जागच्या जागी लावायचं. एवढाच माझा नेम. पण बोलावल्याशिवाय मला पाऊल उचलता येत नाही.

काकांचं अर्धं अंग लुळं पडलंय, वाचाही गेली आहे. म्हणून त्यांच्या लेकीने, वंदनाताईने, त्यांच्या उजव्या हाताशी एक बटण जोडून दिलं. ते दाबलं की हाक माझ्याकडे येते आणि स्वयंपाकघरात घंटी वाजते. "तुमच्यापेक्षा ही घंटीच गोड बोलते हो," असं कांचनकाकू म्हणायच्या आणि काका मुद्दाम पुन्हा वाजवायचे. तेव्हा मला फार धन्य वाटे.

एका सोमवारी बटण अडकलं. घंटी थांबेचना. सोमवारी पूजा होईपर्यंत काकूंचं मौन असतं. त्यांनी नुसते हात जोडले.

"थांब आई, थोडी देर बंदच करते," ताई म्हणाली. हाका आत सोडणारी एक चिप असते, आमच्या फाटकावरचा शिपाईच तो. त्याला सांगून तिने माझी वाट अडवली. बटण पुसून नीट केलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, ती बोलत बाहेर गेली आणि वाट उघडायची राहून गेली.

एरवी काकू मधूनमधून "अहो, काही हवंय का?" म्हणून विचारतात. त्या दिवशी मौन होतं.

मग बटणाची टकटक ऐकू आली. एक, दोन, पाच... सतरा. काकांना बाथरूमला जायचं होतं. मी ऐकत होतो. शिपाई मला बोलावत नव्हता.

फोन संपल्यावर ताईला आठवलं. तिने वाट उघडली. पण शिपायाच्या पाटीवर एका नंबराची एकच खूण मावते, हाका कितीही येवोत. घंटी एकदाच वाजली.

काकू आरती आटोपून धावत आल्या. चादर ओली झाली होती.

"अहो, जरा आधी वाजवायचं ना!" त्या हळूच म्हणाल्या. काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

सतरा वेळा, काकू. मला सांगायचं होतं. पण मला माझा नंबर तेवढा सांगता येतो.

मित्रांनो, कुणाची वाट घटकाभर अडवावी लागलीच, तर ती उघडल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावू नका. आणि घंटी एकदाच वाजली, म्हणून हाकही एकदाच मारली होती असं समजू नका.