राखघाटचा चौथा भाग आणि गिरिजा चाचांचं पोट

गिरिजा चाचांच्या बैठकीत त्या रविवारी दुपारी मला धरून एकोणीस माणसं होती. खाटेवर पाच, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सहा आणि उरलेली आठ सतरंजीवर. एक टीव्ही, वीज गेलीच तर म्हणून चाचांच्या दुकानातून आणलेल्या दोन बॅटऱ्या आणि चुडा-मटरची, म्हणजे मटार घातलेल्या पोह्यांची, एक परात. ती मात्र मालिका सुरू होण्याआधीच अर्धी झाली होती.

‘राखघाट’ ही खूनबाजीची मालिका. गेल्या हिवाळ्यात ती आमच्या बलियात, गंगेच्या काठी चित्रित झाली आणि चाचांना तीत काम मिळालं. चौथ्या भागात. कसलं काम, हे विचारलं की ते मिशीवरून हात फिरवत आणि बघाल तेव्हा कळेल म्हणत. सुनैना चाचींनाही त्यांनी सांगितलं नव्हतं. चाची खुशीत होत्या. लग्नातली बनारसी नेसून बसल्या होत्या.

रिमोट माझ्याकडे होता, कारण चाचांची आई, म्हणजे आमच्या सगळ्यांची आजी, समोरच बसली होती आणि शिवी आली की आवाज बंद करायचा होता. त्यामुळे खलनायकाचं बोलणं असं ऐकू येई: “चहा घे.” मग शांतता. “नाहीतर.” पुन्हा बराच वेळ शांतता. “साखर कमी आहे.” रामप्रवेश चाचांनी तीस वर्षं पोलिसात काढली होती. ते म्हणाले, एवढ्या शिव्या आमच्या अख्ख्या ठाण्यात मिळून होत नसत, होळी धरूनसुद्धा.

तीन भाग झाले तेव्हा गल्लीचं मत तयार होतं. खलनायक उत्तम, तो ओरडत नाही म्हणून त्याची भीती वाटते. घाटावरचं धुकं अगदी आपलं. पण गावठी कट्ट्यातून एका दमात चार गोळ्या सुटल्या तेव्हा सगळे हसले, कारण तो एका गोळीनंतर पुन्हा भरावा लागतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. निखाऱ्यांवर भाजून काळपट व्हायला हवी ती कणकेची लिट्टी तर इतकी पांढरी होती, की आजीनं विचारलं, हे लोक पीठ कच्चंच खातात का?

मग चौथा भाग लागला. एक अंगण दिसलं, रडणाऱ्या बायका दिसल्या आणि मधोमध हिरव्या बांबूंच्या तिरडीवर, झेंडूच्या हारांखाली, नाकात कापूस घातलेले गिरिजा चाचा.

पडद्यावरची त्यांची बायको त्यांच्या उशाशी बसली, भांगातला सिंदूर तिनं मनगटानं पुसला. आणि तेवढ्यात हारांखालचं चाचांचं पोट संथपणे वर आलं, जरा थांबलं आणि खाली गेलं.

पहिले हसले ते रामप्रवेश चाचा. मग सगळे. हसणाऱ्यांत गिरिजा चाचाही होते, पण त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं, कारण चाची उठून उभ्या राहिल्या होत्या. उजव्या हातानं त्यांनी डाव्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या होत्या.

“बावीस वर्षं तुमच्या आयुष्यासाठी तीजेच्या उपासाला पाण्याचा थेंब घेत नाही मी,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही आपल्या पायांनी जाऊन तिरडीवर झोपलात?”

चाचा म्हणाले की काम छोटं असलं तरी मान मोठा होता, सगळे हात जोडत होते. हात प्रेताला जोडतात, असं चाचींनी सांगितलं. हसणं आपोआप बंद झालं.

आजीनं तोंडातली मटर संपवली. तिच्या लहानपणी कुणाच्या डोक्यावर कावळा बसला की त्याच्या मामाकडे खोटा निरोप धाडत, माणूस गेला म्हणून. तिकडचे ऊर फुटेस्तोवर रडत आणि गंडांतर तिथंच टळे. हेही तसंच आहे, ती म्हणाली. ओळखीच्या पाच माणसांनी चाचांसाठी खरं रडायला हवं.

“आणि हसले तर?” चाचींनी विचारलं.

“तर धरत नाहीत. पुन्हा लाव गं.”

मी पुन्हा लावलं. सगळे मनापासून तयार होऊन बसले. रामप्रवेश चाचांनी तर तोंडात मफलर कोंबला. पण पोट वर येणार हे आता ठाऊक होतं आणि वाट बघण्यानं ते आणखीच वाईट झालं. कुणीही रडलं नाही. चाचा शपथेवर सांगू लागले, की श्वास रोखला होता, पण त्याआधी सहा लिट्ट्या खाल्ल्या होत्या. चाची भिंतीकडे तोंड करून बसल्या.

मला एक गोष्ट आठवली. पहिल्या वेळी, पोट हलण्याआधी, मला रडू येऊ लागलं होतं. म्हणजे चाचांच्या बायकोचं काम करणारी ती बाई चांगलं काम करत होती. बिघाड पडद्याच्या खालच्या भागात होता. मी चाचांच्या खांद्यावरचा गमछा घेतला आणि टीव्हीच्या खालच्या अर्ध्यावर ताणून धरला. एक टोक चाचींनी उठून धरलं.

तोच प्रसंग तिसऱ्यांदा लावला. आता फक्त चाचांचा चेहरा आणि त्या बाईचा चेहरा दिसत होता. तिनं सिंदूर पुसला. ती किंचाळली नाही, छाती पिटली नाही. पदराच्या टोकानं तिनं त्यांची मिशी सारखी केली आणि बाहेर निघालेल्या माणसाला सांगावं तसं हळूच म्हणाली, “गूळ-पाणी तरी घेऊन जायचं होतंत.”

आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई रोज सकाळी दारात हेच म्हणते, आणि प्रत्येक पुरुष उशीर झाला म्हणून तसाच निघतो.

गमछ्याचं टोक चाचींच्या हातून सुटलं. तोवर पोटाचा प्रसंग संपून गेला होता. मी टीव्ही बंद केला. आजी उठली, खाटेपासून सुरुवात करून एकेकाच्या गालाला बोट लावत शेवटच्या माणसापर्यंत गेली आणि मग तिनं स्वतःचाही गाल चाचपला.

एकोणीसपैकी चौदा जणांचे गाल ओले निघाले. त्यांत गिरिजा चाचा धरलेले आहेत.