उचलून दाखव

मोजा नवऱ्याच्या टाचेपाशी अडकला होता. राखाडी रंगाचा, इलास्टिक सैल झालेला मोजा, आणि त्याच्यासमोर उकिडवी बसलेली ती. मोजा वर ओढायला काय लागतं, दोन बोटं पुरतात; पण त्यानंतर उठावं लागतं. आणि मांड्या तर कालपासून तिच्या राहिल्याच नव्हत्या... आत गरम वाळू भरून कुणीतरी वरून टाके घातले होते. म्हणून ती मोज्याची नसलेली सुरकुती सारखी करत बसली.

‘झालं की,’ पलंगाच्या कडेवरून नवरा म्हणाला. शब्द जरा लडबडत आले, तसे ते आता येतातच.

त्या डाव्या पावलाला मोजा चढला की नाही हेही कळत नव्हतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याची डावी बाजू त्याची नव्हती. पलंगाचा पाय धरून ती उठली. कण्हणं तिनं गिळलं, पण अर्धं बाहेर सांडलंच. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग खिडकीकडे मान फिरवली.

त्याला दिवसभर सांभाळणारा माणूस उद्यापासून येणार नव्हता. इतके दिवस त्याला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर तोच उचलून ठेवायचा. बातमी कळताच मोठ्या नणंदेचा फोन आला होता. ‘तुला एकटीला झेपायचं नाही गं. मी नेते त्याला माझ्याकडे.’ माझ्याकडे म्हणजे रात्रभराच्या प्रवासाइतकं लांब. तेव्हा ही फणकाऱ्यानं बोलून गेली होती, ‘मी उचलते की त्यांना! या आणि बघा.’ हात दाखवून अवलक्षण! नणंद आज संध्याकाळी येणार होती. बघायला.

आणि म्हणून व्यायामशाळा. या वयात, ढगळ कुडता घालून, आरशांच्या त्या खोलीत. शिकवणाऱ्या मुलीनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, ‘काकू, कशासाठी?’ नवऱ्याला उचलायचंय, हे काही तोंडातून निघालं नाही. ‘वजन कमी करायचंय,’ ती म्हणाली होती. मग त्या पोरीनंही बिचारीनं वजन कमी करायचेच व्यायाम दिले: हलके डंबेल, पुष्कळ आवर्तनं. आपण खोटं बोललो म्हणून आपल्याला चुकीचं शिकवलं जातंय, हे दिसत असूनही ती गप्प राहिली. काल मात्र मुलीची पाठ वळल्यावर तिनं कोपऱ्यातली वाळूची मोठी पिशवी कवेत घेतली होती. उचलली, ठेवली, उचलली... मांड्या थरथरायला लागल्या तरी. उद्याची परीक्षा आजच देऊन टाकावी, तसं.

‘काकू, तुम्ही चालताय कशा!’ आज मुलगी हसत म्हणाली. ‘काल काय केलंत? आज पायांचा व्यायाम नाही हं. हात-पाय मोकळे करा फक्त, आणि घरी जा.’

‘नाही, मला आजच...’

‘दुखतंय म्हणजे आत दुरुस्ती चाललीय. होऊ द्या की ती.’

ती मान हलवत राहिली आणि मुलगी दुसरीकडे वळताच पुन्हा त्या पिशवीपाशी गेली. एकदाच. फक्त खात्री करून घ्यायला. गुडघे वाकवले, पिशवी छातीशी घेतली, आणि अर्ध्यावर मांड्यांनी सरळ नकार दिला. पिशवी धप्पकन खाली पडली. दोघंतिघं वळून बघायला लागले. लाज वाटायला हवी होती, भीती तरी... पण त्याच्याआधी, अगदी आधी, आत काहीतरी मोकळं झालं. सुटले.

सुटले? कशातून?

चष्म्याच्या दुकानात तो शब्द दिवसभर तिच्या पाठीमागे उभा होता. तिचं काम नाजूक. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवायची, कानामागे बोटं घालून दांड्या बसतात का बघायचं, समोर पट्टी धरून बुबुळांमधलं अंतर मोजायचं. हात वर धरायचे आणि हलू द्यायचे नाहीत. आज ते हलत होते. ‘बाई, जरा थंडी वाजतेय का तुम्हाला?’ एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, आणि ती हसली. मला थंडी नाही वाजत. मला नवरा उचलायचाय, आणि मला तो उचलायचा नाहीये... असं नाही. असं मुळीच नाही. मेलेल्याला खांदा द्यायला चौघं येतात, जिवंताला उचलायला मी एकटी, एवढंच. थकलेय एवढंच. पण थकलेल्या माणसाला झोप हवी असते. मला तर रिकामी खोली दिसत होती. पलंग उचलून ठेवलेला, खिडकी उघडी, आणि मी जमिनीवर आडवी पडलेय, कुणी हाक मारत नाहीये... तिनं पट्टी पुन्हा धरली. अंतर पुन्हा चुकलं.

संध्याकाळी ती पोचली तेव्हा नणंद येऊन बसली होती. पदर खोचून, चाकांची खुर्ची पलंगाला लावूनसुद्धा तयार. मनानं वाईट नव्हती बाई. भावाच्या केसांतून सारखा हात फिरवत होती.

‘थकून आलीस. चहा घे आधी,’ नणंद म्हणाली.

‘नको, ताई. आधी हे होऊन जाऊ दे.’

‘अगं, हट्ट नको करूस. पडलात तर दोघंही कामातून जाल. नेते मी त्याला, त्यात काय कमीपणा आहे का तुला?’

कमीपणा कसला. कमीपणा असता तर किती सोपं झालं असतं! ती नवऱ्यासमोर उभी राहिली, पाय फाकवले, गुडघे वाकवले. मांड्यांत आग उसळली. तिनं त्याच्या काखांतून हात घातले, पाठीवर बोटं गुंतवली. त्याची हनुवटी तिच्या खांद्यावर आली.

‘दुखतंय तुला,’ तो अगदी कानाशी बोलला. ‘सकाळी ऐकलं मी.’

‘नाही हो.’

‘ऐक. नसेल उचलायचं, तर...’ तो थांबला, शब्द गोळा करत. ‘मी अंग सोडून देतो. ताईला वाटेल, मीच जड आहे.’

मागून नणंद म्हणत होती, ‘काय कुजबुजताय? जमतंय का?’ पण तो आवाज कुठून तरी लांबून येत होता. यांना कळलंय. सगळं. कधीपासून? मला आज सकाळी कळलं ते यांना... आधी संतापच आला. इतकं माझ्या आत शिरायला कुणी सांगितलं होतं यांना? अपयशसुद्धा स्वतःच्या अंगावर घेऊन मला मोकळं करायला निघालेत. आणि दिलं यांनी अंग सोडून, तर माझं काम झालं. हो म्हणायचीही गरज नाही. नुसतं गप्प राहायचं.

ती गप्प होती.

तिच्या मांड्या लटलटत होत्या, आणि त्या दुखण्यानं थरथरताहेत की कशानं, हे आता तिलाही सांगता आलं नसतं. हातांतली त्याची पाठ गरम होती, शर्टातून घाम लागत होता. तिनं खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय, चांगला पाय, जमिनीवर नुसता टेकलेला होता. तो रेटणार होता, की अंग सोडून देणार? तिची सगळी नजर त्या पावलावर खिळली. रेटा, तिच्या मनात आलं, रेटा हो, अहो, रेटा ना... आणि हे आपल्याला इतकं हवंय, याचं तिलाच आश्चर्य वाटलं. पाऊल अजून तसंच होतं. तिनं हातांची मिठी आणखी घट्ट केली.